घड्याळाचा बटण सेल का फुगतो?

आर्डुइनोच्या प्रकल्पात वीज गेली तरी तारीख आणि वेळ टिकते, ती 'रिअल टाइम क्लॉक' चिपमुळे. मुख्य पुरवठा थांबला की ही चिप बटण सेलवर चालते. डीएस३२३१ या चिपला तेव्हा जास्तीत जास्त ३ मायक्रोअँपिअर करंट लागतो. त्यामुळे सुमारे २२० मिलिअँपिअर-तास क्षमतेचा सीआर२०३२ सेल अनेक वर्षे पुरतो.

मग अडचण कुठे?
याच चिपच्या झेडएस-०४२ या स्वस्त मॉड्यूलवर डायोड आणि २०० ओहमच्या रेझिस्टरचे चार्जिंग सर्किट असते. ते रिचार्ज होणाऱ्या एलआयआर२०३२ सेलसाठी आहे. दोन्ही सेल दिसायला सारखेच. पण सीआर२०३२ चार्ज करायचा नसतो. केल्यास तो फुगू, गळू किंवा फुटू शकतो. ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर तर एलआयआर२०३२ची ४.२ व्होल्टची मर्यादाही ओलांडली जाऊ शकते.

उपाय काय?
सीआर२०३२ बसवण्यापूर्वी '२०१' असे छापलेला तो रेझिस्टर सोल्डरिंग आयर्नने काढून टाका. चार्जिंग तेवढे थांबेल, घड्याळ चालूच राहील. आधीच फुगलेला सेल मात्र पुन्हा वापरू नका. तो घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनात द्या.