घाम गळतो, पण वाळत नाही

सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढून गेलं की पुढे बेळगाव लागतं. तिथल्या फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनी २२ ऑगस्ट १९२० रोजी अँटवर्पमध्ये ऑलिंपिक मॅरेथॉन पूर्ण केली. असा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या ४२.१९५ किलोमीटरपेक्षा अर्धा किलोमीटर जास्तच. वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद, क्रमांक एकोणिसावा. त्या दिवशी तिथे गारवा होता, पाऊसही भुरभुरत होता. त्याआधी १९०४ मध्ये सेंट लुईसच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये ऑगस्टच्या उन्हात ३२ जण धावायला उतरले, पोचले फक्त १४. विजेत्यालाही जवळपास साडेतीन तास लागले. धूळ आणि पाण्याची टंचाई यांनी त्यात भर घातली हे खरं, पण उष्णतेचा घाव मोठा होता.

मालवण-वेंगुर्ल्याकडे पहिल्या मॅरेथॉनची तयारी करणारा माणूस किलोमीटर मोजत असतो. आज दहा झाले, पुढच्या रविवारी पंधरा. माझ्या मते त्याने आधी हवा मोजावी. जानेवारीत होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनला जायचं असलं, तरी तिथली हवाही समुद्राचीच आहे.

हिशेब सोपा आहे. धावताना दर किलोला, दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. साठ किलोच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनसाठी अडीच हजार लागतात. त्यातला जेमतेम पाव भाग पाय हलवण्याच्या कामी येतो, बाकीची उष्णता होते. पाच तासांत शर्यत संपवणाऱ्याच्या शरीरात तासाला पावणेचारशेच्या वर किलोकॅलरी उष्णता तयार होते. ती आतच अडकली तर पहिल्या तासातच शरीराचं तापमान सात-आठ अंशांनी चढेल. माणूस एवढं सोसू शकत नाही. आपल्याला वाचवतो तो घाम. एक लिटर घाम वाळला की त्याबरोबर सुमारे ५८० किलोकॅलरी निघून जातात.

पण तो वाळायला हवा. हनुवटीवरून रस्त्यावर टपकलेला थेंब शरीरातलं पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता मात्र तशीच ठेवतो. हवेत आधीच भरपूर वाफ असली की घामाची वाफ होणं मंदावतं. श्रावणात कोकणातल्या दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस ओले राहतात, तेच इथे कातडीवर घडतं. मग शरीर आणखी घाम काढतं आणि तोही गळून वाया जातो. त्वचेकडे जास्त रक्त पाठवावं लागतं, म्हणून वेग तोच असला तरी हृदयाचे ठोके वाढत जातात. स्नायूंमधला ग्लायकोजेनचा साठाही उष्णतेत लवकर सरतो. एरवी तिसाव्या-पस्तिसाव्या किलोमीटरला पाय जड होतात, दमट हवेत ती वेळ आधी येते. बहुतेकांची उत्तम धाव दहा अंशांच्या आसपासच्या तापमानात होते, आणि गरमी वाढली की सर्वांत जास्त मागे पडतात ते सावकाश धावणारे, म्हणजेच पहिलटकर.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पहाटे मोबाइलवर आर्द्रता ९० टक्के दिसते, दुपारी ६५, म्हणून पहाट वाईट, असं अनेकांना वाटतं. ही टक्केवारी तापमानाशी बांधलेली असते. वीस अंशांना ९० टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत साधारण साडेपंधरा ग्रॅम वाफ असते. एकतीस अंशांना ६५ टक्के असेल तर एकवीस ग्रॅम. म्हणजे पहाटेच घाम जास्त वाळतो. त्यात जमिनीवरून समुद्राकडे जाणारे मतलई वारे सोबतीला असतात. दिवस वर आला की खारे वारे सुरू होतात, ऊनही चढतं. लांब धाव उजाडायच्या आतच सुरू करावी.

किनाऱ्यावर राहणाऱ्याकडे एक भांडवल मात्र आहे. उष्णतेत रोज थोडा व्यायाम केला की दहा ते चौदा दिवसांत रक्तातला द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. हा सराव थंड गावातून येणाऱ्याला मुद्दाम करावा लागतो.

तारकर्लीची पुळण सुंदर आहे, पण मऊ वाळूत धावायला पक्क्या जमिनीच्या दीडपटीहून जास्त ऊर्जा लागते. ओहोटीची ओली, घट्ट वाळू त्यापेक्षा बरी, तीही थोडा वेळच, कारण किनारा एका बाजूला कललेला असतो.

पिण्याबाबत जीव तोडून सांगावंसं वाटतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम धोक्याच्या पातळीखाली गेलेलं आढळलं. कारण पाणी कमी पडलं हे नव्हे, पाणी जास्त झालं. चार तासांहून जास्त वेळ घेणाऱ्यांना, धावताना वजन वाढलेल्यांना हा धोका अधिक. प्रत्येक टेबलावर ग्लास रिकामा करायची गरज नसते, तहानेनुसार प्यावं. शहाळ्यात पोटॅशियम मुबलक असतं, पण घामातून मुख्यतः सोडियम जातं, म्हणून एकट्या शहाळ्यावर भिस्त ठेवू नये. लांब धावेनंतर मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज हा आपल्या घरातला उत्तम उपाय आहे, त्यात पाणी, पिष्ट आणि मीठ तिन्ही येतं. सरावाआधी आणि नंतर वजन करून पाहा. धावून वजन वाढलं असेल, तर पिणं कमी करा.

आणि शर्यत भरवणाऱ्यांना एक विनंती. धावताना कोणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी गाडीत घालून ओरोसच्या रुग्णालयाकडे धावण्याआधी त्याला तिथेच मानेपर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवायचं असतं, डोकं धरून ठेवायचं असतं. आधी थंड करणं, मग हलवणं. पहिला अर्धा तास निर्णायक असतो. मालवणच्या बंदरावर मासळीसाठी बर्फ मिळतोच. शेवटच्या रेषेजवळ एक मोठा टब, बर्फाच्या काही लाद्या आणि गुदद्वारातलं तापमान घेऊ शकणारा एक डॉक्टर, एवढं पदकांची ऑर्डर देण्याआधी ठरवा.