पुढारपण शिकवण्याआधी

पुढारपण म्हणजे वक्तृत्व, हुशारी आणि थोडा बेरकीपणा, असं आपण गृहीत धरतो. मुलांच्या 'नेतृत्व शिबिरां'तही भाषणांचाच सराव जास्त. कर्मवीर भाऊराव पाटलांचं काम वेगळं सांगतं. 1919 मध्ये त्यांनी काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुलं एकत्र राहत, एका पंगतीत जेवत आणि स्वतः कष्ट करून शिकत. मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा. समतेवरचं व्याख्यान मुलं विसरतील, पण रोजची पंगत कशी विसरतील? गावोगावच्या लोकांनी संस्थेला धान्य, पैसा आणि जमिनी दिल्या त्या या वागण्यातून वाटलेल्या विश्वासावरच.

यावर आक्षेप येईल की नुसत्या चांगुलपणाने संस्था चालत नाहीत. खरंच आहे. भाऊरावांनी किर्लोस्कर आणि कूपर यांच्या कारखान्यांसाठी काम केलं होतं, व्यवहार त्यांना पक्का कळत होता. पण व्यवहार कळणारे पुष्कळ असतात. पुढारपणाची झळ आधी पुढाऱ्याच्याच घराला लागते हे दिसलं, तरच लोक मागे येतात. (लबाड माणसंही निवडून येतात, हे मान्य. सत्ता मिळवणं आणि माणसं घडवणं ही दोन कामं आहेत.) तेव्हा पालकांनो, मुलाला भाषणाच्या क्लासला जरूर घाला, पण घरातलं एखादं काम पूर्णपणे त्याच्यावर सोपवा आणि तुमचा शब्द त्याच्यासमोर पाळा.