दवाखान्यातल्या नजरेचीच धास्ती

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एच.आय.व्ही.ची तपासणी फुकट होते, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. तरी माणूस तिकडे फिरकत नाही. का, म्हणून खोदून विचारलं तर आजाराची भीती दुसऱ्या नंबरावर येते. पहिली भीती वेगळीच : "तिथली सिस्टर आमच्याच भावकीतली. उद्या गावभर होईल."

ही भीती उगाच नाही. केसपेपरवर लाल शाईची खूण, जखमेला हात लावायची टाळाटाळ, नुसता रक्तदाब बघायला हातमोजे, आणि बाळंतपणाची वेळ आली की "जिल्ह्याला न्या". एकदा असं झालं की तो माणूस पुन्हा पायरी चढत नाही. मग बायकोची तपासणी राहते, गोळ्या सुरू होत नाहीत आणि विषाणू पुढे जातो. वास्तविक गोळ्या रोज घेतल्या आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. आईवर उपचार नसले तर शंभरातल्या पंधरा ते पंचेचाळीस बाळांना लागण होऊ शकते. उपचार असले तर हे प्रमाण पाचाच्या खाली येतं. तेव्हा रुग्णाला हिडीसफिडीस करणं म्हणजे रोगाला वाट करून देणंच.

डॉक्टर-सिस्टर मुद्दाम वाईट वागतात असंही नाही. त्यांच्याही मनात भीती असते. पण हिशेब काय सांगतो? बाधिताच्या रक्ताची सुई टोचली तरी लागण होण्याचा संभव हजारात तीन. त्यावरही औषध आहे. जमल्यास दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायचं. शिवाय आजार कुणाच्या कपाळावर लिहिलेला नसतो. म्हणून रक्ताशी संबंध येईल तिथं मोजे सगळ्यांसाठीच घालायचे, एकट्यासाठी नाही.

ही भीती घालवायला बेंगळुरूच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी एक प्रयोग केला. नर्सिंगचे विद्यार्थी आणि वॉर्डातले कर्मचारी यांना टॅब्लेटवर दोन पाठ दिले. तिसरा पाठ समोरासमोर, आणि तो घ्यायला एच.आय.व्ही.सह जगणारी व्यक्ती स्वतः हजर. त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षण न मिळालेल्यांच्या मानानं या लोकांमध्ये भेदभाव करण्याची वृत्ती कमी झालेली दिसली.

पडद्यावरच्या शिक्षणाचा आपल्याकडे आणखी एक फायदा होईल. 'साहेब ट्रेनिंगला गेलेत' हे उत्तर ऐकून पेशंटला परत जावं लागणार नाही, ओ.पी.डी. संपल्यावर तिथंच शिकता येईल. वरिष्ठ शेजारी नसले की माणूस आपली भीतीही खरी सांगतो. मात्र तो तिसरा पाठ गाळून नुसती बटणं दाबून सर्टिफिकेट काढलं, तर काय उपयोग होईल याची शंकाच आहे.

कायदाही आहे. २०१७ चा एच.आय.व्ही.-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. या आजाराच्या कारणावरून उपचार नाकारता येत नाहीत, संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्यावर राज्याचा लोकपाल. त्यानं तीस दिवसांत, आणि पेशंटचा जीव धोक्यात असेल तर शक्यतो चोवीस तासांत आदेश द्यायचा आहे.

रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत रंगरंगोटी आणि पाण्याच्या टाकीवर तास जातो. तिथं सरपंच-सदस्यांनी दोन प्रश्न टाकावेत. आपल्या केंद्रात हे प्रशिक्षण कुणाकुणाला मिळालं, फक्त डॉक्टरांना की सफाई कामगारालाही? आणि तपासणीचं रजिस्टर कुलपात असतं की टेबलावर? 'पेशंट कोण' हे मात्र कुणी विचारू नये, पोलीस पाटलानंही नाही. ज्याला स्वतःसाठी माहिती हवी त्यानं १०९७ हा नंबर फिरवावा. फोन फुकट आहे.