लडाखातील हिमसंचय : श्री. चेवांग नॉर्फेल यांचे कार्य

शेतीस पाणी किती मिळते यापेक्षा ते केव्हा मिळते, याला पुष्कळदा अधिक महत्त्व असते. ही गोष्ट ओळखून लडाखमधील अभियंते श्री. चेवांग नॉर्फेल यांनी सरकारी सेवेतील आपला अनुभव निवृत्तीनंतरही शेतकऱ्यांच्या कामी लावला. त्यांच्या कार्याची माहिती ग्रामसेवकांस व शेतकरीबंधूंस उद्बोधक वाटेल.

श्री. नॉर्फेल यांचा जन्म १९३५ साली झाला. स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १९६० साली ते जम्मू-काश्मीर राज्याच्या ग्रामविकास खात्यात दाखल झाले. लडाख त्या वेळी त्याच राज्यात होते. पाट, पूल व रस्ते यांच्या कामानिमित्त त्यांचा दूरदूरच्या खेड्यांशी संबंध आला.

मूळ अडचण

लेहच्या परिसरात वर्षाकाठी पाऊस व हिम मिळून सुमारे १०० मिलिमीटरच वर्षाव होतो. जव, गहू व वाटाणा ही पिके हिमनद्यांच्या पाण्यावर येतात. पेरणीस एप्रिल-मे महिन्यांत पाणी लागते. परंतु उंच शिखरांवरील हिमनद्या जूनच्या सुमारास वितळू लागतात. पेरणी लांबली तर थंडीपूर्वी पीक हाती येत नाही, आणि तेथे वर्षातून पीक एकच. उलटपक्षी, हिवाळ्यात ओढ्यांचे पाणी कोणाच्याही उपयोगी न पडता वाहून जात असे.

हिवाळ्यात नळ गोठू नये म्हणून तो थोडा चालू ठेवतात. त्यातून वाहिलेले पाणी सावलीत संथपणे पसरून थिजते, हे श्री. नॉर्फेल यांनी पाहिले. ओढ्याचे वेगवान पाणी मात्र तसे गोठत नाही. या साध्या निरीक्षणातूनच कृत्रिम हिमनदीची कल्पना निघाली. प्रारंभी काहींनी ती हसण्यावारी नेली. तथापि १९८७ साली फुक्त्से गावी पहिला प्रयोग झाला.

बांधणीची रीत

गाव व मूळ हिमनदी यांच्या दरम्यान, डोंगराच्या सावलीची जागा निवडतात. हिवाळा लागताच ओढ्याचे पाणी पाटाने तेथे वळवितात. उतारावर आडव्या दगडी भिंती घातलेल्या असल्यामुळे पाण्याचा वेग मंदावतो, ते उथळ पसरते आणि थरावर थर गोठत जातो. ही जागा मूळ हिमनदीपेक्षा खालच्या उंचीवर असल्याने येथील बर्फ आधी वितळतो व ऐन पेरणीच्या वेळी पाणी मिळते. दगड स्थानिक व मजुरी गावचीच, म्हणून खर्चही बेताचा येतो.

१९९५ साली सेवानिवृत्त झाल्यावर श्री. नॉर्फेल यांनी 'लेह न्यूट्रिशन प्रोजेक्ट' या संस्थेमार्फत हे काम पुढे चालविले व अनेक गावी अशा हिमनद्या उभारल्या. २०१० साली त्यांना ग्रामीण विकासासाठी विज्ञानाचा उपयोग केल्याबद्दल जमनालाल बजाज पुरस्कार, तर २०१५ साली पद्मश्री मिळाली.

मर्यादाही ध्यानात घ्याव्या

ही योजना सर्वत्र लागू पडणारी नाही. पुरेशी उंची, सावली व हिवाळ्यात वाहणारा ओढा असेल तेथेच ती साधते. पाट गाळाने बुजतात, पुराने भिंती ढासळतात. म्हणून दरवर्षी डागडुजी अवश्य आहे. ती गावकऱ्यांनी आपली मानून केली तरच काम टिकते. शिवाय मूळ हिमनद्याच हवामानाच्या उष्णतेने आटत आहेत. त्या हानीची भरपाई या उपायाने होणार नाही.

आपल्याकडे बर्फ साठविता येणार नाही. परंतु यातील तत्त्व आपल्या नालाबांधाहून वेगळे नाही. वाया जाणाऱ्या पाण्याचा वेग कमी करावा, ते शेताजवळ अडवावे आणि पिकाच्या गरजेच्या दिवसांचा हिशेब आधी मांडावा. ग्रामसेवकांनी प्रत्येक गावी ओढ्याला पाणी कोणत्या महिन्यात असते व पिकास ते कोणत्या महिन्यात लागते, याची नोंद गावकऱ्यांसह करावी. या दोन महिन्यांतील अंतर कसे भरून काढावे, याचा विचार त्या नोंदीपासूनच सुरू होतो.