वसतिगृहातील पहिले वर्ष

पनवेलजवळील कर्नाळा किल्ल्याचा सुळका मागे टाकून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेस गेल्यावर माणगाव तालुक्यातील लोणेरे लागते. १९८९ च्या अधिनियमान्वये येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ निवासी स्वरूपात स्थापन झाले.

अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षी ग्रामीण विद्यार्थ्यास इंग्रजी माध्यम, कठीण गणित व परका परिसर यांना एकाच वेळी तोंड द्यावे लागते. सहनिवासात अभ्यासाला सोबत मिळते; परंतु कोणत्याही वसतिगृहात नवागतास छळाचे भयही असते. म्हणून राज्याने १९९९ मध्ये रॅगिंगला मनाई करणारा अधिनियम केला. तक्रार येताच संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावयाची असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार नवागतांची निवासव्यवस्था शक्यतो स्वतंत्र असावी. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी या तरतुदी पालकांना आवर्जून समजावून सांगाव्यात.