कासवाचे अंथरूण आणि घरातली लहान मुले

घरात कासव पाळणारी कुटुंबे आता आपल्या भागातही दिसतात. कोणी मुलांच्या हौसेखातर आणतो, कोणी लक्ष्मी टिकावी म्हणून. कासवाला खायला काय द्यावे हे सगळे विचारतात. पेटीत त्याच्या खाली काय पसरावे, हे सहसा कोणी विचारत नाही. कासव मात्र त्या अंथरुणावरच खाते, तिथेच घाण करते आणि तिथेच उकरून निजते.

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीमुळे इकडे पॅकिंगच्या लाकडाचा भुसा सहज मिळतो. तो वापरू नये. चीड, देवदार अशा लाकडांतील उग्र तेलांमुळे कासवाच्या श्वासमार्गाचा दाह होतो. प्लायवूडच्या भुशात डिंकाची रसायने असतात, आणि जुन्या फळ्यांवर तेल किंवा कीडनाशक पडलेले असू शकते. बारीक भुसा उडतो तो घरातल्या दमेकऱ्यालाही बाधतो. ओला राहिला तर त्यावर बुरशी धरते.

नुसती वाळूही नको. खाण्याबरोबर ती पोटात जाते आणि आतडे तुंबू शकते. चिंध्यांचे दोरे पायांत अडकतात.

जमिनीवरच्या कासवाला खत व फवारणी न झालेली साधी माती आणि धुतलेला नारळाच्या काथ्याचा चुरा मिसळून, उकरता येईल इतका जाड थर द्यावा. तो किती ओलसर ठेवायचा हे जातीनुसार बदलते. ते पशुवैद्यकांना विचारावे. आजारी कासवाखाली थोडे दिवस वर्तमानपत्राचा कागद चालतो. तो रोज बदलता येतो.

आता माझ्या विषयाकडे येतो. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या आतड्यातही साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. ते विष्ठेतून अंथरुणात, पाण्यात आणि पाठीच्या कवचावर येतात. मूल कासवाला हात लावते आणि तोच हात तोंडात घालते. साधारण सहा तास ते सहा दिवसांत जुलाब, ताप व पोटात कळा सुरू होतात. बहुतेक रुग्ण आठवडाभरात बरे होतात. पण तान्ह्या बाळात जंतू रक्तात, क्वचित मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतात. मुलांना अशी लागण होऊ लागल्यामुळेच अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली.

म्हणून पाच वर्षांखालील मूल, गर्भवती, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेला रुग्ण घरात असेल तर कासव न पाळणेच बरे. पाळलेच असेल तर विष्ठा व ओला भाग रोज काढावा. पेटी भांडी घासण्याच्या मोरीत धुऊ नये, अंगणात धुवावी. काढलेले अंथरूण कोथिंबीर-मेथीच्या वाफ्यात टाकू नये. काम झाल्यावर हात साबणाने चांगले चोळून धुवावेत. कासवाला स्वयंपाकघरात फिरू देऊ नये.

आणखी एक गोष्ट. पाठीवर चांदण्या असलेले आपले तारा कासव घरात ठेवणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने त्याला पहिल्या अनुसूचीचे संरक्षण मिळाले. बऱ्याच परदेशी जातींचीही नोंद करावी लागते. असे तारा कासव कोणाकडे असेल तर ते नदी-तळ्यात सोडू नये. ते जमिनीवरचे आहे, पाण्यात बुडते. वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. शुभशकुनासाठी पितळी कासव पुरेसे आहे!

मुलाला जुलाब व ताप असेल तर ओआरएस लगेच सुरू करा. शौचात रक्त दिसले, मूल सुस्त झाले किंवा लघवी कमी झाली तर थांबू नका. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मनाने देऊ नका. आणि घरात कासव आहे हे डॉक्टरांना न विचारता सांगा. त्यावरून कोणती तपासणी करायची हे ठरते.