व्यालेली गाय अंगावर येते तेव्हा
गैरसमज आणि वस्तुस्थिती

धामापुरात तलावाच्या पाण्यावर भात पिकतं आणि भाताच्या पेंढ्यावर गुरं जगतात. १५३० सालच्या या तलावाला २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. त्याच्या पाण्यावरच्या मळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या नांगर ओढला तो घरच्याच गायींच्या पाड्यांनी. कोकण कपिला ही इथली गाय. बांध्यानं लहान, धो-धो पावसाला आणि डोंगरउताराला सरावलेली, स्वभावानं गरीब. घरातली शाळकरी मुलंसुद्धा तिला दाव्याला धरून चरायला नेतात.

तीच गाय व्याली की शिंगं रोखते, फुरफुरते, धाव घेते. मग घरात बजावलं जातं, "गाय अंगार येता, जवळ जाव नको." हा इशारा योग्यच आहे. पण त्यापुढे जे उपाय केले जातात, त्यांतल्या काहींमुळे माणूस जखमी होतो, काहींमुळे वासरू दगावतं. म्हणून हे गैरसमज एकेक करून तपासायला हवेत.

गैरसमज : गाय मारकी झाली. चार फटके दिले की सरळ होईल.

वस्तुस्थिती : विण्याच्या सुमारास गायीच्या शरीरात संप्रेरकांचा मोठा बदल होतो. ऑक्सिटोसिन आणि प्रोलॅक्टिन यांच्या प्रभावाखाली ती ओलं वासरू चाटू लागते, त्याचा वास ओळखते आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकाकडे धोका म्हणून पाहते. कुत्रा आणि बिबट्या यांच्यापासून पिल्लू वाचवण्यासाठी निसर्गानं दिलेलं हे वागणं आहे. पहिल्या काही दिवसांत ते सर्वांत तीव्र असतं. वासरू पायावर घट्ट झालं की बहुतेक गायी आपोआप निवळतात.

फटक्यांनी उलटंच घडतं. वासराजवळ माणूस आला की वेदना होतात, हे गाय पक्कं ध्यानात ठेवते आणि पुढच्या वेळी आधीच धावून येते. शिवाय भीतीनं अॅड्रेनलिन वाढतं आणि ते ऑक्सिटोसिनचं काम अडवतं. गाय पान्हा चोरते असं आपण म्हणतो, त्यामागे पुष्कळदा ही भीती असते.

गैरसमज : रोज धार काढणाऱ्या माणसाला ती काही करणार नाही.

वस्तुस्थिती : ओळखीचा माणूस तुलनेनं सुरक्षित असतो, पूर्ण सुरक्षित नसतो. धोक्याचा क्षण ठरलेला आहे : माणूस गाय आणि वासरू यांच्या मधे येतो, वासरावर वाकतो आणि वासरू ओरडतं. त्या क्षणी रोजची ओळख उपयोगी पडत नाही.

गायीचं अंग आधी बोलतं, ते वाचता आलं पाहिजे. ती चरणं किंवा रवंथ थांबवते, मान खाली करून कपाळ समोर धरते, नजर हलवत नाही, जोरात फुरफुरते, पुढच्या खुरानं जमीन उकरते. काही गायी आडव्या उभ्या राहून अख्खी कूस दाखवतात. यातलं काहीही दिसलं तर पाठ न फिरवता, हळूहळू मागे सरावं.

गोठ्यात शिरण्यापूर्वी बाहेरूनच नेहमीच्या आवाजात हाक मारावी. थेट मागून जाऊ नये, कारण तिला ठीक मागचं दिसत नाही. खांद्याच्या बाजूनं जावं. लाथेचीही काळजी घ्यावी. घोडी मागे लाथा झाडते, गायीची लाथ मात्र पुढे येऊन बाजूला फिरते, त्यामुळे मांडीजवळ उभा असलेला माणूस तिच्या टप्प्यात येतो. बाहेर पडायची वाट मोकळी ठेवावी. कुत्रा सोबत नेऊ नये आणि मुलांना वासराशी खेळायला सोडू नये.

नाळेला टिंक्चर आयोडीन लावणं मात्र टाळता येत नाही. त्यासाठी दोन माणसं लागतात. एकानं गाय दाव्याला धरून गव्हाणीत आंबोण द्यावं. दुसऱ्यानं वासरू तिच्या नजरेसमोरच, पण शिंगांच्या टप्प्याबाहेर घ्यावं आणि काम मिनिटभरात उरकावं. वासरू नजरेआड नेलं की तीच गाय दावं तोडायला बघते.

गैरसमज : रानात व्यालेली गाय एकटीच घरी आली, म्हणजे तिनं वासरू टाकलं.

वस्तुस्थिती : गाय ही पिल्लू लपवणारी जात आहे. वासराला झुडपात किंवा उंच गवतात बसवून ती चरायला जाते आणि पाजायच्या वेळी परतते. वासरूही हाक येईपर्यंत निपचित पडून राहतं. घोडीचं वेगळं. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात पाहा, शिंगरू आईच्या कुशीला चिकटून चालताना दिसेल. घोडीचा राग शिंगराबरोबर फिरतो, गायीचा राग लपवलेल्या जागेभोवती असतो.

म्हणून सड्यावरून गाय रिकामी आली तर तिला बांधून ठेवून शोधाशोध करण्यापेक्षा थोडा वेळ मोकळी सोडावी आणि लांबून मागोमाग जावं. कास भरून आली की ती स्वतःच जागा दाखवते. तिथे पोचल्यावर आधी तिला वासरू चाटू द्यावं, मगच पुढे व्हावं. अंधार पडण्यापूर्वी वासरू घरी आणणं गरजेचं आहे, कारण रात्री बिबट्या आणि भटके कुत्रे यांची भीती असते.

गैरसमज : वार पडल्याशिवाय वासराला चीक पाजू नये.

वस्तुस्थिती : या समजुतीनं होणारं नुकसान सर्वांत मोठं आहे. माणसाच्या बाळाला आईकडून प्रतिकारशक्तीचा काही वाटा गर्भातच मिळतो. वासराला तो वारेतून मिळत नाही. त्याचं पहिलं संरक्षण चिकातच असतं. त्यातली प्रतिपिंडं शोषून घेण्याची आतड्याची क्षमता पहिल्या तासांपासून घटत जाते आणि साधारण २४ तासांत संपते.

त्यामुळे वासरू उठून उभं राहिलं की पहिल्या २ तासांत चीक पोटात गेला पाहिजे. साधारण मापानं पहिल्या दिवसाचा चीक वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका असावा, म्हणजे १५ किलोच्या वासराला दिवसभरात मिळून सुमारे दीड लिटर. त्यानंतर उरेल त्याचा खरवस करावा. वासराच्या चोखण्यानं सुटणारं ऑक्सिटोसिन गर्भाशय आकुंचित करतं, म्हणजे वार पडायलाही मदतच होते. वार बहुधा १२ तासांच्या आत पडते. ती ओढू नये, तिला वजन बांधू नये. १२ तास उलटून गेले तर डॉक्टरांना कळवावं.

गैरसमज : पहिलारू गाय वासराला लाथ मारते, म्हणजे ती त्याला स्वीकारणार नाही.

वस्तुस्थिती : पहिल्या वेताला कास सुजून दगडासारखी घट्ट झालेली असते. सडाला तोंड लागताच कळ जाते आणि पाय उचलला जातो. अशा वेळी वासरू दूर नेणं ही मोठी चूक ठरते. व्याल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांच्या चाटण्यातच दोघांची ओळख घट्ट होते. गाय चाटत नसेल तर वासराच्या अंगावर थोडा कोंडा आणि मीठ चोळावं. ती चव घेता घेता चाटू लागते. कास कोमट पाण्यानं शेकून थोडा चीक हातानं काढला की ताण उतरतो. गाय धरून वासरू सडाला लावावं. चार-दोन वेळा असं केलं की बहुतेक पहिलारू गायी स्वतःहून पाजू लागतात.

खरी तयारी विण्याच्या महिनाभर आधी सुरू व्हावी. रोज अंगावरून, कासेवरून हात फिरवावा. विण्यासाठी गोठ्याचा एक कोपरा आडोसा करून, कोरडा पातेरा किंवा पेंढा अंथरून ठेवावा. बघ्यांची गर्दी टाळावी.

गैरसमज : व्यालेली गाय चवताळली, तर कारण वासरूच असणार.

वस्तुस्थिती : वासरासाठी रागावलेली गाय आपण दहा-पंधरा पावलं मागे सरलो की बहुधा शांत होते. तसं झालं नाही, तर आजाराची शंका घ्यावी. कासदाहात एखादा सड गरम आणि लाल होतो, गाय हात लावू देत नाही. विण्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत कॅल्शियम घटलं तर ती आधी बेचैन होते, थरथरते, मग कान गार पडतात आणि बसलेली उठत नाही. जास्त दुधाच्या संकरित गायींत हे अधिक दिसतं, आणि वेळेत शिरेतून कॅल्शियम दिलं तर गाय वाचते.

सर्वांत गंभीर शंका रेबीजची. घोगऱ्या आवाजात सतत हंबरणं, लाळ गळणं, गिळता न येणं, खांबावर किंवा भिंतीवरही धडका देणं आणि मागचे पाय लटपटणं ही त्याची लक्षणं. घशात काही अडकलं असेल असं समजून तोंडात हात घालू नये. लाळ जखमेला किंवा खरचटलेल्या जागी लागली तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लसीसाठी जावं. अशा गायीचं दूध वापरू नये.

पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. तो गोठ्याच्या खांबावर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. फोनवर तीन गोष्टी नेमक्या सांगाव्यात : गाय किती वाजता व्याली, वार पडली का, वासरानं चीक प्यायला का. व्यालेल्या गायीला पहिले काही दिवस ओळखीचा एकच माणूस, मोकळी जागा आणि नजरेसमोर वासरू एवढं मिळालं, तर बहुतेक घरांत काठी उचलायची वेळच येणार नाही.